मासे पकडायला नेणाऱ्या बोटीवर टीप किती द्यावी, आणि कुणाच्या हातात?

सरंगा

गेल्या ऑगस्टमध्ये बाबा आमच्याकडे मिशिगनला आले होते. त्यांचं लहानपण देवगड तालुक्यात गेलं. शाळा सुटली की खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, जाऊन गरवायचं (गरी टाकून मासे धरायचे), हे त्यांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकत आलोय. म्हणून ठरवलं, एकदा त्यांना लेक मिशिगनवर सामन (सॅल्मन) पकडायला न्यायचं. लडिंग्टनहून चार्टर बोट ठरवली. आम्ही चौघं, सहा तास, ७०० डॉलर. रॉड, आमिष, बर्फ सगळं त्यांचं. मासेमारीचा परवाना तेवढा ज्याचा त्याने आधी काढायचा.

पहाटे पाचला धक्क्यावर पोचलो तर बोट तयार. बोटीवर माणसं दोनच: कॅप्टन, आणि त्याच्या हाताखाली विशीतला एक मुलगा. त्याला इथे मेट म्हणतात. कॅप्टन सुकाणू आणि मासे दाखवणाऱ्या पडद्यावर डोळा ठेवून, बाकी सगळं या मुलाच्या अंगावर. आठ-दहा रॉड एकाच वेळी पाण्यात असतात. काही दोऱ्या तारेला लावलेल्या जड गोळ्याने खोल नेलेल्या असतात आणि दोरी चिमट्यात अडकवलेली असते. मासा लागला की चिमटा सुटतो आणि रॉड थरथरायला लागतो. की हा धावला! रॉड काढून बाबांच्या हातात, शेजारच्या दोऱ्या गुंतू नयेत म्हणून त्या वर, मग जाळं घेऊन मागे तयार.

बाबांना मोठा चिनूक (सामनचीच एक जात) लागला. वीस मिनिटं खेळवला. जुनी सवय म्हणून ते मधेच दोरी अंगठा आणि तर्जनीत धरून बघत होते, खाली काय चाललंय ते. बोट हलत होती, बाबा ७१ वर्षांचे. त्या मुलाने त्या वीस मिनिटांत बाबांच्या पाठीवरचा तळहात काढला नाही. ढकलत नव्हता, आधार देत नव्हता, नुसता हात ठेवून उभा होता.

परत आल्यावर धक्क्यावरच्या टेबलावर त्याने सगळे मासे साफ करून, तुकडे पिशव्यांत भरून दिले. मी कॅप्टनला उरलेले पैसे कार्डने दिले. यंत्राने टीप विचारली नाही. मी मुलाच्या हातात वीस डॉलरची नोट ठेवली, हात मिळवला आणि निघालो. मला वाटलं, छान झालं.

गाडी हायवेला लागेपर्यंत बाबा बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या पोराला काय दिलंस?" मी सांगितलं. "अरे, सहा तासांत तो पोरगा एकदा टेकला नाही." एवढंच. पुढे दीड तास गाडीत कुणी बोललं नाही.

तेव्हापासून ते मनातून जात नाही. येत्या उन्हाळ्यात पुन्हा जायचंय. किती द्यायला हवे होते? कॅप्टनला की मुलाला? आणि मासा मिळालाच नाही तर?

पाणकावळा

सरंगा, बरं केलंस विचारलंस. मी विस्कॉन्सिनच्या बाजूने त्याच तलावावर दहा-बारा वर्षं जातोय.

इथला रिवाज ट्रिपच्या भाड्याच्या १५ ते २० टक्क्यांचा. ७०० ला १०५ ते १४०. हा आकडा सगळ्या बोटीचा मिळून, माणशी नव्हे. तुम्ही चौघं होतात, म्हणजे प्रत्येकी पस्तीसच्या आत. रोख, धक्क्यावर, मासे साफ करून झाल्यावर आणि मेटच्या हातात. कॅप्टनला वेगळे द्यायचे का हा प्रश्न पडत असेल, तर बोट ठरवतानाच फोनवर विचार, "टीप मेटकडे द्यायची ना?" कुणाला राग येत नाही. बहुतेक कॅप्टन म्हणतात, हो, त्यालाच द्या. कॅप्टन एकटाच असेल तर अर्थात त्याला. बोट त्याच्या मालकीची असली तरी द्यायची, कारण मग मेटचं कामही त्यानेच केलेलं असतं.

आता हे असं का. अमेरिकेत टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचा किमान रोख पगार केंद्राच्या कायद्याने तासाला २.१३ डॉलर आहे. १९९१ पासून तोच. काही राज्यांत जास्त आहे, पण पाया हा. बोटीवरच्या मेटची गत तर बऱ्याच ठिकाणी रोजंदारीची असते. बोट निघाली तर पैसे. वारा सुटला, लाटा वाढल्या, कॅप्टनने ट्रिप रद्द केली की त्या दिवशी काही नाही. टीप धरूनच त्याचा महिना बसतो.

तू पाचला आलास तेव्हा बोट तयार होती म्हणतोस. ती त्याने केलेली होती. बर्फ भरणं, खराब झालेल्या दोऱ्या रात्री बदलणं, गाठी नव्याने मारणं. आणि तू गेल्यावर रक्त आणि खवले धुवून काढणं, दुपारची दुसरी ट्रिप असेल तर तासाभरात पुन्हा सगळं मांडणं.

इंद्रायणी_काठ

माफ करा, पण मला हा हिशेब पटत नाही आणि हे मी मनापासून सांगतोय. ७०० डॉलर घेतल्यावर त्यातून हाताखालच्या माणसाला नीट पैसे देणं हे मालकाचं काम आहे. ८४० लागत असतील तर ८४० सांगा. गिऱ्हाईकाने मालकाची जबाबदारी का उचलायची?

दुसरं, आम्ही मागे मुलाकडे गेलो असताना अशाच एका बोटीवर गेलो होतो. सहा तासांत दोन मासे लागले, दोन्ही निसटले. पत्नीला बोट लागली, तिचे फार हाल झाले. रिकाम्या हाताने परत आलो. त्या दिवशी आम्ही टीप दिली नाही. मासाच नाही तर कशाची टीप?

पाणकावळा

काका, पहिल्या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूचा. भाड्यातच असावी. पण भाडं ठरवतो कॅप्टन, आणि टीप न दिल्याचा फटका बसतो मेटला. तुमचा विरोध ज्याच्यापर्यंत पोचायला हवा त्याच्यापर्यंत तो पोचतच नाही. कॅप्टनला तुमचे ७०० मिळालेलेच असतात.

हिमनगर

दुसऱ्या मुद्द्यावर मी बोलतो. मी मोन्टानात राहतो. इथे लोक येतात ते नदीतल्या ट्राउटसाठी, माशीसारख्या हलक्या आमिषाच्या मासेमारीला. मॅडिसन नदीवर मी आणि माझा मेहुणा एका गाइडबरोबर दिवसभर गेलो होतो. दिवसभरात धरलेला प्रत्येक मासा पाण्यात परत सोडला. घरी नेलं काय? काही नाही. "मासा नाही तर टीप नाही" असं म्हटलं तर इथल्या गाइडला कधीच काही मिळणार नाही.

मग आम्ही पैसे कशाचे दिले? तो माणूस आठ तास वल्ही मारत होता. प्रवाहाबरोबर नाव आपोआप वाहते असं वाटतं, पण तो उलटी वल्ही मारून ती धरून ठेवत असतो, म्हणजे आपल्याला एकाच खड्ड्यावर चार-पाचदा फेकता यावं. मेहुण्याने पहिल्या तासात सात-आठ वेळा दोरी झुडपात अडकवली. प्रत्येक वेळी तो वल्ही सोडून, नांगर टाकून, शांतपणे सोडवायचा. एकदा तर गाठ दातांनी ओढून घट्ट केली आणि म्हणाला, हिचीच वाट बघतोय मासा. खरंच तिसऱ्या फेकीला लागला.

इथे गाइडला परवानाधारक आउटफिटरच्या, म्हणजे अशा सहली चालवणाऱ्या दुकानाच्या, हाताखाली काम करावं लागतं. तुम्ही पैसे भरता दुकानात, आणि त्यातला एक भाग दुकानाचा. नाव, ती ओढणारी गाडी, पेट्रोल, दुपारचं जेवण हे बऱ्याचदा गाइडच्या खिशातून. दुकानात भरलेला आकडा बघून "एवढे कमावतो की" असं वाटतं, ते तसं नसतं. आम्ही २० टक्के दिले. पुन्हा दिले तर तेवढेच देईन.

काका, तुमच्या पत्नीला बोट लागली तेव्हा बादली कुणी आणली, पाणी कुणी दिलं, ते आठवून बघा. उगाच विचारत नाहीये. माझ्या अनुभवात ते मेटच करतो.

इंद्रायणी_काठ

हो. त्या मुलीनेच केलं. (मेट मुलगी होती.) आलं घातलेली गोळी दिली, सावलीत बसवलं, क्षितिजाकडे बघत राहा म्हणाली. मी हे इतक्या दिवसांत लक्षात आणलं नव्हतं.

शेवंती

मी अलास्कात अँकरेजला असते. आमच्याकडे पाहुणे आले की होमरला हॅलिबट या मोठ्या चपट्या माशासाठी जाणं ठरलेलं. तिथली पद्धत थोडी वेगळी असल्यामुळे लिहिते.

होमरला बऱ्याच बोटींवर माणशी तिकीट असतं. अनोळखी लोक एकत्र येतात. अशा वेळी प्रत्येकाने आपापल्या तिकिटावर १५ ते २० टक्के द्यायचे. सहा अनोळखी लोकांत "बाकीचे देतील" असं प्रत्येकाला वाटलं की डेकहँडला (मेटला इथे असं म्हणतात) काहीच मिळत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आम्ही दोघी मैत्रिणींनी दिले, उरलेले चौघं फोटो काढून गाडीकडे गेले. ती मुलगी तेव्हा टेबलावर त्यांचेच मासे कापत होती.

हॅलिबट तळाला असतो. दोन-तीन पौंडांचं शिसं लावून खाली सोडायचं आणि मासा लागला की तळावरून वर ओढायचा. हात अक्षरशः सुटतात. आमच्या आत्याबाई निम्म्यावर थांबल्या, तेव्हा डेकहँडने रॉडचा बुडखा स्वतःच्या मांडीवर घेतला आणि रीळ आत्याबाईंनाच फिरवू दिलं. मासा त्यांचाच राहिला. आत्याबाई अजून तो किस्सा सांगतात.

एक गोष्ट फार कुणाला माहीत नसते. गिऱ्हाईक बोटीवर असताना कॅप्टनला किंवा डेकहँडला स्वतःसाठी हॅलिबट पकडून ठेवता येत नाही, तसा नियम आहे. आपल्याकडे खलाशाला निदान घरच्या कालवणापुरते मासे मिळतात. इथे दिवसभर मासे हाताळून ती मुलगी रिकाम्या हाताने घरी जाते. शिवाय हॅलिबट जपण्यासाठी चार्टर बोटींना आठवड्यातले काही वार बंद असतात, चार्टरचा हंगाम मुळातच बहुतेक मे ते सप्टेंबर. वर्षाची कमाई तेवढ्या दिवसांत करायची.

आणि हो, मासे गोठवून, हवा काढून पॅक करून देणारी दुकानं पौंडावर पैसे घेतात. तो खर्च वेगळा. लोक तिथे दीडशे डॉलर भरतात आणि मग "आता टीप कुठून" म्हणतात. आधीच दोन्ही धरून ठेवा.

मोरी_मासा

कॅलिफोर्नियातून. सिएटलची किंवा अलास्काची गोष्ट वेगळी, आमच्याकडे २०२३ आणि २०२४ ही दोन वर्षं समुद्रातल्या सामनची मासेमारी पूर्ण बंद होती. नद्यांत परतणारे मासेच फार घटले होते. मी ज्या बोटीवर जायचो तिथले दोन डेकहँड ते काम सोडून गेले. एक आता छपरं घालतो. उरलेल्या बोटी रॉकफिश आणि लिंगकॉडवर चालल्या.

इथे मोठ्या बोटी असतात, वीस-पंचवीस माणसं. मासे साफ करायचे पैसे डेकहँड वेगळे घेतो, ते टीपमध्ये मोजायचे नाहीत. तो जादा कामाचा मोबदला आहे.

एक उलट अनुभवही सांगतो, म्हणजे चित्र पुरं होईल. एका बोटीवर (नाव घेत नाही) डेकहँड अर्धा वेळ फोनवर होता. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीची दोरी गुंतली, तिने तीनदा हाक मारली, तो आला नाही. शेवटी शेजारच्या आजोबांनी सोडवून दिली. मी १० टक्के दिले आणि का ते त्याला सरळ सांगितलं: मासे कमी मिळाले म्हणून नाही, मुलीकडे लक्ष दिलं नाहीस म्हणून. त्याने मान खाली घातली, पण ऐकून घेतलं. गुपचूप कमी देऊन निघून गेलो असतो तर त्याला वाटलं असतं, हा माणूस चिकट आहे.

जुना_कंदील

जपानमधून फक्त एवढंच, की हा नियम सगळीकडे लावू नका. इथे टीप देत नाहीत. बोटीच्या कॅप्टनला सेंचो म्हणतात, भाडं फळ्यावर लिहिलेलं असतं, तेवढंच द्यायचं. पैसे पुढे केले तर समोरचा अवघडतो. नेहमीचे लोक थंड कॉफीचे डबे किंवा गावाकडची मिठाई घेऊन येतात. मी दिवाळीत चकल्या नेल्या होत्या, त्या खूप आवडल्या.

देवबागचो

मी तारकर्लीजवळ देवबागला असतो. स्वतःची छोटी होडी आहे, पर्यटकांना गरवायला नेतो. धागा पहिल्यापासून वाचला. इतकी वर्षं बोलायचं राहून गेलेलं इथे कुणीतरी काढलंय म्हणून लिहितो.

आमच्याकडे मच्छीमारीत पगारापेक्षा वाट्याची रीत जुनी. मिळालेल्या मासळीच्या पैशातून डिझेल-बर्फाचा खर्च काढायचा, मग होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, आणि माणसांचे वाटे. मासळी आली तर सगळ्यांना, नाही आली तर कुणालाच नाही. त्यात मालक-खलाशी सारखेच बुडतात. पर्यटनात तसं राहिलं नाही. होडीचं भाडं मालकाला ठरलेलं मिळतं, आणि बरोबरचा पोरगा रोजावर. म्हणजे अमेरिकेसारखंच झालं.

लोक काय करतात सांगतो. निघायच्या आधी भाव पाडून घेतात. ते ठीक, बाजार आहे. पण परत येताना किनारा दिसायला लागला की म्हणतात, मासे मिळाले नाहीत, काहीतरी कमी करा. भांगाचे दिवस (भरती-ओहोटी कमी असते ते) असतील, पाणी गढूळ असेल, तर आम्ही आधीच सांगतो की आज आशा कमी आहे. तरी "चला, बघू" म्हणून येतात. डिझेल तेवढंच जळतं. मासा हातात देणं आमच्या हातात नाही. कुठल्या खडपाखाली तांबोशी असते, गोबरा कुठे बसतो, तिथे वेळेवर नेणं आमच्या हातात आहे. गरीला कोळंबी कशी लावायची ते दाखवणं, कुणी पाण्यात पडू नये म्हणून डोळ्यात तेल घालून बघणं, हे आमच्या हातात आहे.

टीपेचं म्हणाल तर आमच्याकडे टक्केवारी कुणी मोजत नाही. पोराच्या हातात दोनशे, तीनशे, मोठा ग्रुप असेल तर पाचशे दिले तर त्याचा दिवस चांगला जातो. त्याच्या हातात द्या. मला देऊन "त्याला द्या" असं सांगू नका. मी देईन, पण तुम्ही दिल्यावर त्याला जे वाटतं ते माझ्या देण्यात नाही. "घे रे, बक्षीस" असं म्हणून वरून टाकू नका. त्याचं नाव विचारा आणि नावाने हाक मारून द्या.

दारू देऊ नका. हे हात जोडून सांगतो. पोरगा अठरा-वीस वर्षांचा असतो, दोन घोट घे म्हणून आग्रह करतात, ग्रुपमध्ये सगळे पीत असतात. त्यालाच तुम्हाला खाडीच्या मुखातून लाटांतून परत आणायचं असतं. तिथे पाण्याखाली वाळूचे उंचवटे आहेत, एक लाट चुकली तर होडी आडवी होते.

आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली ठेवतो. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की मग पुन्हा. मे महिन्यात येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की पोरांची पुढची दोन-अडीच महिने त्याच पैशांवर जायची असतात.

इंद्रायणी_काठ

देवबागचो, आम्ही दर दोन वर्षांनी मालवणला येतो. येताना कमी करून मागणाऱ्यांत मीही एकदा होतो. पुन्हा होणार नाही.

पाणकावळा, एक शंका. आम्ही सप्टेंबरमध्ये मुलाकडे परत जातोय. सहा जण आहोत, तीन कुटुंबं. टीप कशी गोळा करायची? शेवटी धक्क्यावर सगळ्यांना खिसे चाचपायला लावणं बरं दिसत नाही.

पाणकावळा

काका, निघायच्या आदल्या रात्री एका पाकिटात सगळ्यांचे काढून ठेवा. २० टक्के पूर्ण धरून. वीसच्या नोटा ठेवा, म्हणजे दिवस कसा गेला त्यावर एखादी कमी करायची वेळ आलीच तर करता येते. माझ्या पाकिटातून आजवर एकदाच नोट मागे आली आहे. सहा जण म्हणजे एका छोट्या बोटीची मर्यादा गाठलीत, बहुतेक चार्टर कॅप्टनांचा परवाना सहा गिऱ्हाइकांपर्यंतचाच असतो. सहा जणांत मेटला श्वास घ्यायलाही फुरसत नसते.

सरंगा

सगळ्यांचे आभार. दोन-तीन दिवस सगळं पुन्हा पुन्हा वाचलं.

पाणकावळाचं पहिलं उत्तर वाचून दुसऱ्याच दिवशी मी त्या कॅप्टनला फोन केला. सरळ सांगितलं, की गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही आलो होतो, तुमच्या मेटला मी फार कमी दिले, मला रिवाज माहीत नव्हता. तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, तो मुलगा कॉलेजला आहे, जूनमध्ये परत येतो, तुझं पाकीट मी त्याच्यापर्यंत पोचवतो. मी शंभर डॉलर आणि बाबांचा त्या माशाबरोबरचा फोटो पाठवला. फोटोत बाबांच्या मागे त्याचा हात दिसतो, चेहरा चौकटीबाहेर राहिलाय.

काल त्याचा मेसेज आला. त्याने लिहिलंय, की बाबा दोरी बोटांत धरून बघत होते ते त्याने नंतर करून पाहिलं. मोठा मासा डोकं हलवतो तेव्हा रॉडच्या आधी ते बोटांना कळतं. आता तो लहान मुलांना रॉड देताना तसं धरायला शिकवतो.

बाबांना फोनवर वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं.

देवबागचो

बाबा देवगडात खंयचे?

सरंगा

कुणकेश्वरचे. देवळाच्या खालच्या अंगाला जी खडपं आहेत ना, तिथे गरवायचे.

देवबागचो

ती खडपां माका म्हायत आसत. डिसेंबरात तुम्ही गावाक इलास तर बाबांक घेवन देवबागाक या. होडी आसाच. गरी आणि दोरी तयार ठेवतंय, रॉड नको.